छायाचित्र मोठे, फाइल मात्र छोटी!

लग्नाच्या अल्बमची मांडणी करणारा डिझायनर, दिवाळी अंकाची पाने लावणारा डीटीपी ऑपरेटर आणि छायाचित्र स्पर्धेचे संयोजक या तिघांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, 'फोटो लहान आला आहे, हाय-रेझ फाइल पाठवा.' पाठवणाऱ्याला याचे आश्चर्य वाटते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर लख्ख दिसलेले, संस्करणावर तासभर घालवलेला आणि एवढे करून बाहेर पडलेली फाइल जेमतेम तीनशे केबीची! आज्ञावली बिघडली असावी, असाच पहिला संशय येतो. वस्तुतः असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा आज्ञावलीने सांगितलेले काम चोख बजावलेले असते. फक्त ते आपण कधी आणि कुठे सांगितले, याचा विसर पडलेला असतो.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी त्याचे परिणाम किरकोळ नाहीत. छोटी झालेली प्रत हीच अंतिम प्रत समजून कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे केले जाते, फोनमधील जागा मोकळी करण्यासाठी मूळ फाइल पुसली जाते, आणि काही वर्षांनी आजीचे किंवा मुंजीचे ते छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावायचे ठरते, तेव्हा ते फुटते. एकदा टाकून दिलेले पिक्सेल परत मिळत नाहीत. म्हणूनच फाइल छोटी का झाली, हे शोधण्याची पद्धत ठाऊक असणे अगत्याचे आहे.

'लहान' म्हणजे नेमके काय?

शोध सुरू करण्यापूर्वी तक्रार नेमकी करावी लागते. 'फोटो लहान आला' या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात.

पहिली गोष्ट पिक्सेलची संख्या. छायाचित्राची रुंदी आणि उंची किती पिक्सेल आहे, हेच त्याचे खरे मोजमाप होय. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या छायाचित्रात २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात. यालाच आपण २४ मेगापिक्सेल म्हणतो.

दुसरी गोष्ट फाइलचे वजन, म्हणजे ती डिस्कवर किती केबी वा एमबी जागा व्यापते. पिक्सेल तेवढेच असूनही हे वजन कमी-अधिक होऊ शकते.

तिसरी गोष्ट दिसण्याचे माप. पडद्यावर छायाचित्र किती जागा घेते किंवा कागदावर किती इंचांचे छापले जाते, हे पिक्सेलइतकेच पडद्यावर आणि छपाईवरही अवलंबून असते.

यांतील कोणते माप कमी झाले आहे, हे ठरले की निम्मे काम झाले असे समजावे. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' हे पान उघडावे. मॅकवर 'गेट इन्फो' पाहावे. फोनच्या गॅलरीत छायाचित्राची माहिती उघडावी. रुंदी, उंची आणि फाइलचे वजन असे तीन आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. मग हेच आकडे मूळ फाइलसाठी पाहावेत आणि संस्करणाच्या आज्ञावलीत छायाचित्र उघडे असताना तिथे दिसणारी रुंदी-उंचीही नोंदवावी. मूळ फाइल, आज्ञावलीतील छायाचित्र आणि बाहेर पडलेली प्रत, अशी ही तीन ठाणी आहेत. ज्या दोन ठाण्यांच्या दरम्यान आकडा घसरला, तिथेच कारण शोधायचे. अंदाजाने सगळी बटणे दाबून पाहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी जवळचा आहे.

वजन घटले, पिक्सेल शाबूत

पिक्सेल तेवढेच आहेत आणि केवळ एमबी कमी झाले आहेत, असे आढळले तर बहुधा काळजीचे कारण नसते. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रातील प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा व निळा हे तीन रंग प्रत्येकी एक बाइट धरून जसेच्या तसे साठवले, तर सुमारे ७० एमबी जागा लागेल. जेपीईजी फाइल मात्र काही मोजक्या एमबींत मावते, कारण ती संकुचित केलेली असते.

या संकोचनामागील गणिताचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. बंगळुरूत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले नासिर अहमद यांनी १९७२ साली 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या पद्धतीची कल्पना मांडली. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये मान्य झालेले जेपीईजीचे मानक याच पद्धतीवर उभे आहे. छायाचित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनातील ठळक बदल आणि सूक्ष्म बदल वेगळे केले जातात आणि मानवी डोळ्याला सहसा न जाणवणारे सूक्ष्म बदल ढोबळमानाने साठवले जातात. साहजिकच निरभ्र आकाशाच्या छायाचित्राची फाइल हलकी होते, तर त्याच मापाच्या, पण गर्द झाडीच्या वा गर्दीने फुललेल्या बाजारपेठेच्या छायाचित्राची फाइल जड होते. दोन फाइलींच्या वजनांत दुपटी-तिपटीचा फरक पडला, म्हणून त्यातील एक खराब झाली असे मानण्याचे कारण नाही.

रॉ फाइल २५-३० एमबीची आणि तिच्यापासून काढलेली जेपीईजी सात-आठ एमबीची, हा फरकही याच जातीचा. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली माहिती प्रत्येक पिक्सेलमागे १२ किंवा १४ बिट इतक्या तपशिलाने साठवलेली असते. जेपीईजीत प्रत्येक रंगासाठी ८ बिट असतात आणि वर संकोचनही असते. फोटोशॉपच्या अनेक थरांच्या पीएसडी फाइलचे जेपीईजीत रूपांतर करताना सगळे थर एकजीव होतात. तेव्हा शेकडो एमबींची फाइल पाच-दहा एमबींवर आली तरी चित्राची रुंदी-उंची तीच राहते.

दर्जाची पट्टी फार खाली ओढलेली असेल, तर मात्र सावध व्हावे. लाइटरूममध्ये ही पट्टी ० ते १०० अशी असते, तर फोटोशॉपच्या जेपीईजी खिडकीत ० ते १२. ती खूप खाली असल्यास पिक्सेल पूर्ण असूनही आकाशात पट्टे उमटतात आणि कडांभोवती ठिपक्यांची धूळ दिसते. छपाईसाठी ही पट्टी वरच्या टोकाजवळच ठेवावी.

ऑनलाइन अर्जाची आठवण

आपल्याकडे या गोंधळाला एक खास स्थानिक कारण आहे. प्रवेशाचे, नोकरीचे आणि स्पर्धा परीक्षांचे ऑनलाइन अर्ज भरताना छायाचित्राची फाइल अमुक इतक्या केबींहून मोठी नसावी, अशी अट असते. ती पाळण्यासाठी एक्स्पोर्टच्या खिडकीत 'लिमिट फाइल साइझ' या चौकटीत बरोबरची खूण करून ५० किंवा १०० असा आकडा भरला जातो. अर्ज भरून होतो, घरातील मंडळी ते विसरतात. पण आज्ञावली विसरत नाही. एक्स्पोर्टची खिडकी गेल्या खेपेचे आकडे जसेच्या तसे धरून ठेवते. पुढच्या आठवड्यात बारशाची तीनशे छायाचित्रे निवडून एक्स्पोर्टचे बटण दाबले, की प्रत्येक छायाचित्र त्याच मर्यादेत कोंबले जाते. लाइटरूम अशा वेळी पिक्सेल कायम ठेवून दर्जा खालावत नेते. फोनवरील काही संकोचक ॲप मात्र पिक्सेलही कापतात. म्हणून दर वेळी ही खूण काढलेली आहे ना, हे पाहणे ही पहिली तपासणी होय.

लहान करण्याची आज्ञा

पिक्सेलच घटले असतील, तर पुढची तपासणी 'इमेज साइझिंग' या विभागाची. लाइटरूम क्लासिकमध्ये 'रिसाइज टू फिट' या पर्यायापुढे खूण असेल, तर छायाचित्र लहान होणारच. ही खूण काढून टाकली की आज्ञावलीत जेवढे पिक्सेल आहेत, तेवढे सर्व बाहेर पडतात. खूण ठेवायचीच असेल, तर पुढील तीन खाचखळगे ध्यानी ठेवावेत.

पहिला खळगा 'लाँग एज'चा, म्हणजे लांब बाजूचा. समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवण्याचा प्रघात आहे. ६००० बाय ४००० चे छायाचित्र या आज्ञेनुसार २०४८ बाय १३६५ होते. बाजू जेमतेम एक-तृतीयांशावर आलेली दिसली, तरी एकूण पिक्सेल २ कोटी ४० लाखांवरून सुमारे २८ लाखांवर येतात. पडद्यासाठी ते पुरेसे. भिंतीवरच्या तसबिरीसाठी मुळीच नाही.

दुसरा खळगा 'विड्थ अँड हाइट'चा. रुंदी ३००० आणि उंची २००० असे आकडे भरले, की आडवी छायाचित्रे ठीक बाहेर पडतात. पण उभी छायाचित्रे १३३३ बाय २००० इतकीच उरतात. कारण आज्ञावली छायाचित्राचे प्रमाण न बिघडवता ते त्या चौकटीत बसवते आणि उभ्या छायाचित्राची उंची २००० वर अडते. आडवी छायाचित्रे नीट, पण उभी लहान, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच असते. तिथे 'डायमेन्शन्स' किंवा 'लाँग एज' हा पर्याय निवडावा. हे पर्याय उभ्या-आडव्याचा भेद करीत नाहीत.

तिसरा खळगा एककाचा आहे आणि तो सर्वांत फसवा. आकड्यांपुढे 'पिक्सेल' ऐवजी 'इंच' निवडलेले असेल, तर शेजारच्या 'रिझोल्यूशन' या चौकटीतील आकड्याला एकाएकी महत्त्व येते. १८ बाय १२ इंच आणि प्रतिइंच ३०० पिक्सेल असे सांगितले, तर ५४०० बाय ३६०० पिक्सेलची फाइल मिळते. तेच इंच कायम ठेवून रिझोल्यूशन ७२ राहिले, तर मिळते केवळ १२९६ बाय ८६४! इंच तेच, छायाचित्र तेच. पण पिक्सेल सुमारे सतरापटींनी कमी.

'डोन्ट एन्लार्ज' या खुणेबद्दलही गैरसमज आढळतो. मागितलेल्या मापाहून मूळ छायाचित्र लहान असेल, तर ते ताणून मोठे करू नये, एवढाच तिचा अर्थ. त्यामुळे ४००० पिक्सेल मागूनही ३००० मिळाले, तर ती चूक नसून मूळ छायाचित्रच तेवढे असल्याची प्रामाणिक कबुली असते.

मॅकवरील 'फोटोज' या ॲपच्या एक्स्पोर्ट खिडकीत 'साइझ' असा पर्याय असतो. तिथे 'फुल साइझ' निवडलेले हवे. गुगलने २०१६ साली बंद केलेले, पण अनेकांच्या जुन्या संगणकांवर टिकून राहिलेले पिकासाही एक्स्पोर्ट करताना मूळ आकार हवा की ठरावीक पिक्सेल, असे विचारत असे. खिडक्या बदलल्या, तरी प्रश्न तोच आहे. जिम्पची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या जेपीईजी एक्स्पोर्टच्या खिडकीत दर्जाची पट्टी असते, पण लांबी-रुंदी बदलण्याची सोय नसते. तेव्हा जिम्पमधून लहान फाइल बाहेर पडली, तर छायाचित्र त्याआधीच 'स्केल इमेज' किंवा काटछाटीने लहान झालेले असते, असा निष्कर्ष निघतो.

डीपीआयचे गौडबंगाल

'७२ डीपीआयचा फोटो चालणार नाही, ३०० डीपीआयचा द्या' हे वाक्य छापखान्यांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यामागील हेतू योग्य. पण एकट्या या आकड्याला काहीही अर्थ नाही. डीपीआय किंवा पीपीआय ही फाइलवर चिकटवलेली एक चिठ्ठी आहे. कागदावर छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवावेत, एवढेच ती सांगते. ६००० बाय ४००० च्या फाइलवर ७२ लिहिलेले असो वा ३००, तिच्यातील पिक्सेल २ कोटी ४० लाखच राहतात.

फोटोशॉपच्या 'इमेज साइझ' खिडकीत 'रिसॅम्पल' नावाची खूण आहे. ती काढून ३०० च्या जागी ७२ लिहिले, तर केवळ चिठ्ठी बदलते. ती तशीच ठेवून ७२ लिहिले, तर मात्र इंच कायम राखण्यासाठी पिक्सेल खरोखरच कापले जातात. रिझोल्यूशन बदलण्यापूर्वी या एका खुणेकडे पाहिले, तर बरेच नुकसान टळते.

३०० हा आकडा आला कुठून, हेही जाणून घेण्यासारखे आहे. छपाईत छायाचित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीने उमटवले जाते. गुळगुळीत कागदावर ही जाळी इंचाला १५० ओळींच्या आसपास असते आणि ओळींच्या दुप्पट पिक्सेल असावेत, असा संकेत आहे. त्यातून ३०० हा आकडा आला. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर जाळी जाड असते, म्हणून तिथे १७० ते २०० पिक्सेलही पुरतात. लांबून पाहावयाच्या फ्लेक्ससाठी तर याहून बरेच कमी लागतात.

यावरून हिशेब सोपा होतो. हवे असलेले इंच गुणिले ३००. ६ बाय ४ इंचांच्या प्रतीसाठी १८०० बाय १२००, १२ बाय ८ इंचांसाठी ३६०० बाय २४०० आणि १८ बाय १२ इंचांसाठी ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. 'हाय-रेझ पाठवा' या मोघम मागणीऐवजी 'इतके बाय इतके पिक्सेल पाठवा' असे विचारण्याची आणि सांगण्याची सवय दोन्ही बाजूंनी लावून घेतली, तर निम्मी पत्रापत्री वाचेल.

काटछाटीत गेलेले पिक्सेल

काही वेळा एक्स्पोर्टची खिडकी निर्दोष असते आणि पिक्सेल आधीच गेलेले असतात. काटछाट, म्हणजेच क्रॉप, हे त्याचे नेहमीचे कारण. छायाचित्राची रुंदी आणि उंची निम्मी केली, की पिक्सेल निम्मे नव्हे, तर पाव उरतात. आडव्या ६००० बाय ४००० च्या चौकटीतून उभे छायाचित्र कापून काढले, तर ते साधारण २६६७ बाय ४००० चे, म्हणजे एक कोटी पिक्सेलच्या थोडे वर उरते. समूहातून एकच चेहरा कापून घेतला, तर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातूनही एक मेगापिक्सेल उरावा, यात नवल नाही.

फोटोशॉपच्या क्रॉप साधनात आणखी एक सापळा आहे. वरच्या पट्टीत रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन असे तीन आकडे भरता येतात आणि ते पुढच्या वेळीही तिथेच राहतात. तिथे ६ इंच, ४ इंच आणि ७२ असे शिल्लक राहिले असेल, तर यापुढे कापलेले प्रत्येक छायाचित्र ४३२ बाय २८८ पिक्सेलचे होते! पट्टीवरील 'क्लिअर' हे बटण दाबून चौकटी रिकाम्या केल्या, की काटछाट केवळ काटछाट राहते, आकारमान बदलत नाही.

थरांच्या यादीत एखाद्या थरावर उजवी क्लिक करून एक्स्पोर्ट केले, तर संपूर्ण चित्राऐवजी तेवढाच थर, त्याच्या स्वतःच्या मापाने बाहेर पडतो. पूर्ण चित्र हवे असल्यास 'फाइल' या मेन्यूमधूनच एक्स्पोर्ट करावे.

मूळ फाइलच मूळ नसेल तर?

तिन्ही ठाण्यांवर आकडा सारखाच आणि तरीही लहान असेल, तर संस्करणासाठी उघडलेली फाइलच मुळात छोटी होती. असे होण्याच्या वाटा अनेक आहेत.

सर्वांत रुळलेली वाट व्हॉट्सॲपची. तिथे पाठवलेले छायाचित्र वाटेतच लहान व संकुचित केले जाते. २०२३ साली एचडी दर्जाचा पर्याय आला आणि त्यामुळे परिस्थिती सुधारली; तरीही मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल, तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगावे. एक्स्पोर्ट केलेली फाइल संगणकावर पूर्ण मापाची आणि समोरच्याकडे लहान, असे असेल तर दोष एक्स्पोर्टचा नसून पाठवण्याच्या मार्गाचा असतो. मॅकवरील ईमेलमध्येही छायाचित्रे जोडताना 'स्मॉल', 'मीडियम', 'लार्ज' की 'ॲक्च्युअल साइझ', अशी निवड असते.

दुसरी वाट मेघसाठवणुकीची. गुगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' निवडलेले असल्यास १६ मेगापिक्सेलहून मोठी छायाचित्रे त्या मापाला आणली जातात. आयफोनवर जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल, तर फोनमध्ये छोटी आवृत्ती राहते आणि मूळ छायाचित्र आयक्लाउडवर असते. संस्करणापूर्वी मूळ फाइल उतरवून घेणे म्हणूनच श्रेयस्कर.

तिसरी वाट लाइटरूममधील 'स्मार्ट प्रिव्ह्यू'ची. ही सोय २०१३ साली लाइटरूमच्या पाचव्या आवृत्तीत आली. मूळ छायाचित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील आणि ती डिस्क जोडलेली नसेल, तरी काम करता यावे म्हणून आज्ञावली लांब बाजू सुमारे अडीच हजार पिक्सेल असलेली छोटी आवृत्ती जवळ बाळगते. याच अवस्थेत एक्स्पोर्ट केले, तर त्याहून मोठी फाइल मिळणे अशक्य. संगणकावरील लाइटरूम क्लासिकमधून फोनवर पोहोचलेली छायाचित्रेही अशीच छोटी असतात. डिस्क जोडावी आणि एक्स्पोर्ट संगणकावरूनच करावे, हा त्यावरचा साधा उपाय.

चौथी वाट रॉ फाइलच्या पोटात दडलेल्या नमुन्याची. कॅमेरा प्रत्येक रॉ फाइलमध्ये झटपट पाहण्यासाठी एक जेपीईजी दडवून ठेवतो आणि काही कॅमेऱ्यांत तो पूर्ण मापाचा नसतो. केवळ छायाचित्रे पाहण्यासाठी असलेल्या काही आज्ञावली रॉ फाइल उलगडण्याऐवजी हा नमुनाच उचलून देतात.

शेवटची वाट खुद्द कॅमेऱ्याची. मेन्यूत छायाचित्राचा आकार 'एल' ऐवजी 'एस' वर राहिला असेल, तर पुढील कोणतीही आज्ञावली काही करू शकत नाही. घरातील जुन्या कागदी छायाचित्रांबाबत स्कॅनरचे तेच. दोन बाय तीन इंचांचे छायाचित्र ३०० वर स्कॅन केले, तर अवघे ६०० बाय ९०० पिक्सेल मिळतात. मोठी प्रत काढायची असेल, तर अशा छोट्या छायाचित्रांसाठी स्कॅनर १२०० वर ठेवावा. म्हणजे तेच छायाचित्र २४०० बाय ३६०० पिक्सेलचे होते.

फक्त दिसायला लहान

आकडे सगळे बरोबर आणि तरीही छायाचित्र पडद्यावर चिमुकले, असेही होते. १०० टक्के आकारात पाहणे म्हणजे छायाचित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसवणे. १९२० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र जुन्या १९२० पिक्सेलच्या पडद्याची पूर्ण रुंदी व्यापते. ३८४० पिक्सेलच्या नव्या पडद्यावर तेच अर्धी रुंदी व्यापते. यात छायाचित्र आक्रसलेले नसते. पडद्याचे पिक्सेल बारीक झालेले असतात. तेव्हा केवळ डोळ्यांवर विसंबू नये, आकडे पाहावेत.

वाढवून मोठे करता येईल का?

पिक्सेल गेलेच असतील, तर छायाचित्र ताणून मोठे करण्याचा मोह होतो. शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल भरणे ही जुनी युक्ती. त्याने फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. अलीकडे प्रशिक्षित संगणकीय प्रारूपांच्या आधारे हे काम अधिक चांगले होते. अडोबीने २०२१ साली कॅमेरा रॉमध्ये आणलेली 'सुपर रिझोल्यूशन' ही सोय रुंदी व उंची दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट करते. भिंती, पाने, कापडाचा पोत यांबाबत अशा साधनांचे निकाल समाधानकारक असतात. तथापि त्यांनी भरलेला तपशील हा अंदाज असतो, पुरावा नव्हे. ओळखीच्या माणसाचा चेहरा काही पिक्सेलांवरून रचला गेला, की तो तुकतुकीत दिसतो. पण त्याच माणसाचा राहतोच असे नाही. म्हणून मूळ फाइल कुठे मिळते का, याचा शोध आधी घ्यावा आणि वाढवण्याचा उपाय सर्वांत शेवटी ठेवावा.

थोडी शिस्त, मोठा लाभ

एवढ्या सगळ्या शक्यता लक्षात ठेवणे कठीण वाटेल. पण चार सवयी लावून घेतल्या, तर बहुतेक टळतात. एक, एक्स्पोर्टचे दोन-तीन प्रकार नावानिशी जतन करून ठेवावेत. 'छपाई, पूर्ण माप', 'व्हॉट्सॲपसाठी' आणि 'अर्जासाठी' अशी सरळ नावे द्यावीत आणि दर वेळी त्यांतूनच निवड करावी. मागच्या खेपेच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. दोन, शेकडो छायाचित्रे एकदम बाहेर काढण्यापूर्वी एक आडवे आणि एक उभे छायाचित्र काढून त्यांची रुंदी-उंची तपासावी. तीन, एक्स्पोर्ट केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. मूळ फाइलवर ती कधीही लिहू नये. चार, फाइल मागताना आणि देताना पिक्सेलमध्ये बोलावे. एमबी आणि डीपीआय हे आकडे दुय्यम समजावेत.

आणि कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करण्यापूर्वी किंवा फोनमधील छायाचित्रे पुसण्यापूर्वी, जपून ठेवलेल्या प्रतींपैकी दोन-चार उघडून त्यांची रुंदी-उंची मूळ फाइलशी ताडून पाहावी. या कामाला दोन मिनिटे लागतात. आकडे जुळले तरच पुसावे. न जुळल्यास मूळ फाइल अजून हाताशी आहे आणि एक्स्पोर्ट पुन्हा करता येतो.